खाऱ्या वाऱ्यात टिकेल असा घरचा सोलर बंब

ऑक्टोबरात आभाळ मोकळं झालं की मे संपेपर्यंत कोकणपट्टीत उन्हाला तोटा नसतो. तरीही किनाऱ्यालगत घरी केलेला सोलर लवकर भंगारात निघतो, कारण त्याला खारा वारा खातो. आधी लोखंडी स्क्रू जातात, मग पेटीचा पत्रा, मग तांब्याला चिकटवलेलं अ‍ॅल्युमिनियम. घाटावरच्या कोरड्या हवेत चालणारी कृती इथे जशीच्या तशी उचलून चालत नाही. खाली दिलेल्या जोडणीत प्रत्येक वस्तू मीठ आणि दमट हवा डोळ्यांसमोर ठेवून निवडली आहे, आणि सगळी जोडणी दरवर्षी पावसाआधी उघडून ठेवता येते. ज्याला ड्रिल, करवत आणि पाना चालवता येतो त्याला हे जमेल. एकच काम जाणकाराकडून करून घ्यायचं, ते पुढे येईलच.

आधी हिशेब

चार माणसांच्या घराला १०० लिटरची टाकी पुरते. विहिरीचं पाणी साधारण २६ अंश धरा. ते ५५ अंशांवर न्यायला १०० लिटरला सुमारे ३.४ युनिट उष्णता लागते. आपल्याकडे चांगल्या दिवशी एका चौरस मीटरवर ५ युनिटच्या आसपास ऊन पडतं, आणि घरी नीट बांधलेलं पॅनल, म्हणजे काचेखाली काळ्या रंगवलेल्या पाण्याच्या नळ्यांची पेटी, त्यातलं ४० टक्के पाण्यात उतरवतं असं धरायला हरकत नाही. म्हणजे २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद पॅनल हवं. याहून लहान केलंत तर पाणी कोमट राहील. ५५ अंशांचं १०० लिटर पाणी थंड पाण्यात मिसळलं की ४० अंशांचं २०० लिटर होतं, म्हणजे वीस लिटरच्या दहा बादल्या.

पंप लागत नाही. पॅनलमध्ये तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं आणि टाकीच्या तळाचं थंड पाणी त्याच्या जागी पॅनलमध्ये उतरतं. ऊन असेपर्यंत हा फेरा आपोआप चालू राहतो. वीज गेली तरी आंघोळ अडत नाही, आणि कोकणात ही गोष्ट लहान नाही. आणखी एक सोय म्हणजे इथे पाणी गोठत नाही. थंड मुलखात गोठलेल्या पाण्याने नळ्या फुटतात म्हणून पॅनलमध्ये वेगळा द्रव फिरवावा लागतो. ती सगळी यातायात आपल्याला माफ आहे. नळाला येणारं पाणीच थेट पॅनलमधून फिरवायचं.

जागा

कौलांवर चढवू नका. भरलेली टाकी शंभर किलोच्या पुढे जाते. वासे आणि रिपा त्यासाठी बांधलेल्या नसतात, आणि दुरुस्तीला चढलात की दर खेपेला चार कौलं फुटणार. स्लॅब असेल तर उत्तम. नसेल तर परसात किंवा खळ्याच्या कडेला जमिनीवरच बसवा. मला तर स्लॅब असूनही जमीनच पसंत पडते: काच पुसायला शिडी लागत नाही, वारा कमी लागतो आणि न्हाणीघर जवळ असतं.

सकाळी ९ ते दुपारी ३ सावली नको. इथे माड आडवा येतो. रत्नागिरीत २१ डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ५० अंशांवरच असतो, त्यामुळे १५ मीटर उंच माडाची सावली तेव्हा १२-१३ मीटर उत्तरेकडे पसरते. मे महिन्यात जागा पाहून "इथे लख्ख ऊन आहे" असं ठरवलंत तर हिवाळ्यात, म्हणजे गरम पाणी खरोखर हवं असतं तेव्हा, पॅनल सावलीत जाईल. दक्षिणेला काय उभं आहे ते आधी बघा. माडाखाली तर नकोच नको. झावळीचा फटकाही काचेला पुरतो, नारळाचं तर बोलायलाच नको.

पॅनलचं तोंड दक्षिणेकडे. होकायंत्र नसेल तर एक काठी ओळंब्यात उभी रोवा. ऑक्टोबर ते एप्रिल तिची सगळ्यात आखूड सावली बरोबर उत्तर दाखवते. फक्त ती बाराच्या ठोक्याला शोधू नका. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि रत्नागिरी ७३.३ अंशांवर, त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर यायला साधारण साडेबारा-पाऊण होतात. १२ ते १ दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करत जा.

उतार ३० अंशांचा ठेवा. कोन मोजायचं साधन लागत नाही: पॅनल २ मीटर लांब असलं आणि वरची कड खालच्या कडेपेक्षा १ मीटर उंच असली की ३० अंश झाले. मालवण १६ अंश अक्षांशावर, अलिबाग साडेअठरावर. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही.

उंचीची साखळी मात्र चुकवू नका, सगळा फेरा तिच्यावर चालतो. पॅनलची खालची कड जमिनीपासून २० सें.मी., वरची कड १ मीटर २० सें.मी. टाकीचा तळ त्याच्याही वर किमान ३० सें.मी., म्हणजे दीड मीटरवर. हे ३० सें.मी. राखले नाहीत तर रात्री फेरा उलटा फिरतो आणि टाकीतलं गरम पाणी पॅनलमध्ये उतरून थंड होतं. घराची थंड पाण्याची टाकी या गरम टाकीच्या डोक्यापेक्षाही वर हवी, म्हणजे अडीच मीटर किंवा जास्त. टाकीखाली जांभ्या चिऱ्याचा सिमेंटात बांधलेला चौथरा करा. लोखंडी अँगलचं स्टँड स्वस्त पडतं, पण दरवर्षी खरवडून रंगवायची तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जा.

कुठे कोणता धातू

नळ्या आणि पत्रा दोन्ही तांब्याचे. तांब्याच्या नळीवर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या चढवायचा सल्ला कोणी ना कोणी देईल, कारण त्या निम्म्याहून स्वस्त पडतात. दमट खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम सांध्यावर पांढरी भुकटी होऊन झिजतं, नळी आणि पट्टी यांच्यात फट पडते आणि उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. बाहेरून पॅनल ठणठणीत दिसतं, पाणी मात्र दरवर्षी थोडं कमी तापतं.

तशीच गोष्ट जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाची. तांब्यातून फिरलेलं पाणी पुढे जीआयमध्ये गेलं की पाइप आतून खड्डे पडत सडतो. म्हणून पॅनलच्या बाहेर सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप वापरा. साधा पीव्हीसी गरम पाण्याने वाकतो, आणि शेतातला काळा पाइप काचेखाली घातला तर मऊ पडून बसतो. सीपीव्हीसीही पेटीच्या आत नको. पाणी नसताना भर उन्हात आतला पत्रा १०० अंशांच्या वर जातो. स्क्रू, बोल्ट, क्लॅम्प सगळे स्टेनलेसचे. समुद्र अगदी दाराशी असेल तर ३१६ ग्रेड मागा, नाहीतर ३०४ चालेल.

जाळी

एसीसाठी अर्ध्या इंची तांब्याची नळी १५ मीटरच्या कॉइलमध्ये मिळते. तिच्यातून १.८५ मीटरचे आठ तुकडे निघतात. हे आपले उभे रायझर. कॉइल सपाट फरशीवर उलगडत आणा आणि फळीखाली लोळवून सरळ करा. वर आणि खाली एक-एक आडवा हेडर, १ इंची तांब्याच्या नळीचा, १.१ मीटर लांब. हेडरवर १२ सें.मी. अंतराने आठ भोकं पाडा. रायझर भोकात ३-४ मि.मी.च शिरला पाहिजे. जास्त आत गेला तर पाण्याची वाट अडते.

सांधे ब्रेझिंगने, म्हणजे ज्योतीवर दुसरा धातू वितळवून जोडून करायचे, आणि हेच ते परक्याकडे द्यायचं काम. गेट-ग्रिलवाल्या वेल्डरकडे जाऊ नका. फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्याला गाठा. त्याच्या हातात तांबं रोजचं असतं, आणि गळती तपासायला नायट्रोजनचा सिलिंडर व गेजही त्याच्याकडेच असतं. सोळा सांधे झाले की टोकं बंद करून ३ किलोचा दाब भरायला सांगा आणि प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा. अर्ध्या तासात काटा हलला नाही आणि फेसात बुडबुडा आला नाही तरच पैसे द्या. पत्रा चढवल्यावर सापडलेली गळती म्हणजे सगळं उकलणं आलं.

आता पट्ट्या. ०.३ मि.मी. जाडीचा तांब्याचा पत्रा घ्या, वजन पाच किलोच्या आसपास भरेल. सगळ्या खर्चात हाच जड आहे. १२.७ सें.मी. रुंदीच्या आठ पट्ट्या कापा. सागाच्या फळीत नळी अर्धी बसेल अशी लांब खाच करा, तिच्यावर पट्टी ठेवा आणि अर्ध्या इंची सळीवर लाकडी हातोड्याने ठोकत मधोमध नाली पाडा. नाली पडली की पट्टी १२ सें.मी.ची उरते. ही नाली नळीवर घट्ट बसवून पूर्ण लांबीभर कथलाचा डाग द्यायचा. आधी दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने गुलाबी होईपर्यंत घासा, फ्लक्स लावा, खालून मंद ज्योत फिरवा आणि कथलाची तार ज्योतीला नव्हे, तापलेल्या तांब्याला टेकवा. तांबं पुरेसं तापलं असेल तर कथील वितळून फटीत आपण होऊन ओढलं जातं आणि कडेला बारीक चकचकीत रेघ उमटते. गोळ्या होऊन घरंगळलं तर तांबं थंड किंवा मळलेलं आहे. या कामाला घाई केली की संपलं. जिथे डाग सुटला तिथे पट्टी नुसतीच तापते. शेवटी गरम पाण्याने फ्लक्स धुऊन काढा, नाहीतर महिन्याभरात हिरवं बुरशीसारखं काहीतरी वर येईल.

रंग मोटारसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो मॅट काळा, उष्णता सोसणारा. चकचकीत काळा नको, तो ऊन परतवतो. पातळ दोन हात पुरेत. जाड थर पापुद्रे धरतो.

पेटी आणि काच

पेटी अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची करा किंवा जुन्या सागाची, फणसाची फळी असेल तर तिची. अ‍ॅल्युमिनियम घेतलंत तर तांबं कुठेही त्याला टेकू देऊ नका. हेडर जिथून बाहेर येतो तिथे सिलिकॉन रबराची बुशी घाला. खोली १० सें.मी. तळाला ५ सें.मी. ग्लासवूल किंवा रॉकवूल, बाजूंना अडीच, त्यावर चकचकीत फॉइल, मग नळ्या-पट्ट्यांची जाळी. पत्रा आणि काच यांच्यात अडीच सें.मी. अंतर. ग्लासवूल हाताळताना पूर्ण बाह्या, हातमोजे आणि मास्क. खाज दोन दिवस जात नाही. थर्माकोल आकसतो, घालू नका. काथ्या घरचा आणि फुकट, पण तो ओल धरतो आणि इतक्या तापलेल्या पत्र्याशी त्याची जागा नव्हे.

काच ४ मि.मी. टफन्ड. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तेव्हा पेटी पूर्ण झाल्यावर आतलं माप घेऊन मगच ऑर्डर द्या. एका मोठ्या काचेऐवजी दोन तुकडे घ्या, मध्ये अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. थोडं ऊन जातं, पण काच फुटली तर निम्माच भुर्दंड, आणि एसटीच्या टपावरून नाही तरी रिक्षातून आणता येते. पॉलिकार्बोनेट नारळाचा मार सोसतं खरं, पण काही वर्षांत पिवळसर पडतं. कडेला ईपीडीएम रबर आणि वरून स्क्रूची पट्टी लावा. सिलिकॉनने काच कायमची चिकटवू नका, ती दरवर्षी काढायची आहे. पेटीच्या खालच्या कडेला ५ मि.मी.ची तीन-चार भोकं ठेवा, आतली वाफ तिथून निघते. भोकांवर बारीक स्टेनलेस जाळी लावा, नाहीतर कुंभारीण माशी मातीने बुजवून टाकते.

टाकी

३०४ स्टेनलेसची उभी टाकी, ४५ सें.मी. व्यास आणि ६५ सें.मी. उंची, म्हणजे १०० लिटर. हॉटेलची भांडी बनवणारा फॅब्रिकेटर करून देतो. भंगारात जुन्या सोलरची टाकी मिळाली तर घ्या, पण ती पॅनलवाल्या सोलरची असावी. काचेच्या ट्यूबवाल्या सोलरच्या टाकीला ट्यूबांची भोकं असतात, ती आपल्या कामाची नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होत असेल तर ३०४चे वेल्डिंगचे सांधे आधी जातात. तिथे ३१६ घ्या किंवा गोड पाण्याची लाइन जोडा.

टाकीला पाच तोंडं हवीत. तळाला दोन: थंड पाणी येण्याचं आणि पॅनलकडे जाण्याचं. तळापासून दोन-तृतीयांश उंचीवर एक, पॅनलमधून येणाऱ्या गरम पाण्यासाठी. अगदी वर दोन: न्हाणीघराकडे जाणारं आणि हवेच्या नळीचं.

टाकीभोवती उष्णता धरून ठेवायला भाताचं तूस चांगलं चालतं. टाकीच्या चहूबाजूंनी १५ सें.मी. जागा सोडून पेटी करा, गिरणीवरून आणलेलं तूस दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवा आणि ठोकून ठोकून भरा. आत ओल गेली की ते कुजतं, म्हणून पेटीवर पत्र्याचं झाकण, आणि उंदरांसाठी तळाला जाळी.

जोडणी

टाकीच्या तळातून निघालेला १ इंची पाइप पॅनलच्या खालच्या हेडरच्या डाव्या टोकाला. वरच्या हेडरच्या उजव्या टोकातून टाकीच्या दोन-तृतीयांश उंचीच्या तोंडाला. असं तिरपं जोडलं की आठही रायझरांतून पाणी सारखं जातं. खालच्या हेडरच्या उरलेल्या टोकाला ड्रेन व्हॉल्व्ह, वरच्या उरलेल्या टोकाला पितळी टोपी. पॅनलची गरम पाण्याची बाजू एखादा सें.मी. उंच ठेवा, आणि वर जाणारा पाइप टाकीपर्यंत चढताच राहिला पाहिजे. मध्ये कुठे उंचवटा आला तर हवा अडकून फेरा बंद पडतो. या फेऱ्यात नॉन-रिटर्न (पाणी एकाच दिशेने सोडणारा) व्हॉल्व्ह किंवा कॉक नको.

हवेची नळी थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा हातभर वर न्या, टोक खाली वाकवा, जाळी लावा. ही नळी कधीही बंद करायची नाही. तिच्यावाटेच टाकीतली वाफ आणि हवा बाहेर पडते. ती बुजली तर दाबाने टाकी फुगू शकते. त्याच कारणाने प्रेशर पंपाची लाइन या जोडणीला देऊ नका, पाणी टाकीतून आपल्या भाराने यायला हवं.

गरम पाइपांवर एसीवाल्यांचा काळा फोम चढवा आणि वर अ‍ॅल्युमिनियम टेप गुंडाळा. उघडा फोम उन्हाने तडकतो. न्हाणीघरात गरम आणि थंड दोन्ही नळ एकाच बादलीवर असू द्या. एप्रिलमध्ये हे पाणी ६० अंशांच्या वर जातं, आणि लहान मुलाचा हात भाजायला क्षणही लागत नाही.

पहिल्यांदा भरताना

भरणं सूर्य उगवायच्या आधी, किंवा काचेवर जाड चादर टाकून. तापलेल्या पत्र्यावर थंड पाणी सोडलं तर सांधे आणि काच दोन्ही धोक्यात येतात. ड्रेन उघडा ठेवून पाणी सोडा, बुडबुडे थांबेपर्यंत वाहू द्या, मग बंद करा.

सकाळी अकराच्या सुमारास वरच्या आणि खालच्या पाइपाला हात लावून बघा. वरचा चांगला गरम, खालचा गार, म्हणजे फेरा सुरू आहे. वरच्या पाइपाला हात टेकवत नाही पण टाकी गारच असेल तर कुठेतरी हवा अडकली आहे. ड्रेनमधून पुन्हा पाणी काढा आणि पाइपाचा चढ तपासा. संध्याकाळी टाकी गरम आणि सकाळी गार असं रोज होत असेल तर आधी ते ३० सें.मी. मोजा, मग तूस ओलं झालं का ते बघा. पाणी सगळ्यात गरम दुपारी चारला असतं. ज्यांना जमेल त्यांनी संध्याकाळी आंघोळ करावी, रात्रीचा तोटा वाचतो.

काच आठवड्याला एकदा, सकाळी थंड असताना, गोड्या पाण्याने पुसा. मिठाचा थर डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवल्यावर कळतो. रस्त्यालगत घर असेल तर उन्हाळ्यात तांबडी माती रोज बसते. माकडांचा उपद्रव असलेल्या वाडीत पॅनलच्या चौकटीभोवती काही खायचं वाळत घालू नका, एवढाच उपाय आहे.

आगोट

पावसाआधी पापड-कुरडया आणि लाकूडफाटा आत घेता तेव्हा सोलरही आत घ्यायचा. पूर्वी मिरगापर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरपर्यंत वेळ असायचा, पण आता वाट बघू नका: तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१च्या सुमारास किनाऱ्यालगतून गेलं आणि निसर्ग वादळ ३ जून २०२०ला श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं, म्हणजे दोन्ही मिरगाच्या आधी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ड्रेन उघडून पॅनल आणि टाकी दोन्ही रिकामी करा, काचा काढून उभ्या, मध्ये रद्दी घालून माळ्यावर ठेवा. जाळीवर ताडपत्री घट्ट बांधा, पण खालून वारा खेळता राहू द्या. रिकामं पॅनल हलकं असतं, त्यामुळे चारही कोपरे चिऱ्यात गाडलेल्या स्टेनलेस बोल्टांनी धरलेले असावेत. टाकीचं थंड पाण्याचं तोंड बंद करा, हवेची नळी तशीच उघडी राहू दे. चार-पाच महिने पाणी चुलाण्यावर, नारळाची सोडणं आणि करवंट्या जाळून.

नवरात्रात पुन्हा जोडताना रंग कुठे उडाला ते बघा, रबर कडक झालं असेल तर बदला, आणि पहिली टाकी भरून तापवून पूर्ण ओतून द्या. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या टाकीतलं पहिलं पाणी अंगावर घ्यायचं नाही.